अंपायर म्हणजे उरलेला गडी: इंग्रजी शब्दांची मुळं शोधायला शिकताना

गल्लीतल्या क्रिकेटला बावीस पोरं कधीच जमत नाहीत. सात जमली की तीन-तीनच्या दोन टीम होतात आणि एक उरतो, बहुतेक वेळा सगळ्यांत कच्चा. त्याला सांगतात, तू अंपायर. लहानपणी तो उरलेला गडी बरेचदा मीच असायचो. पुढं नोकरीला लागल्यावर एकदा सहज हा शब्द कोशात काढला आणि एकट्यालाच हसू आलं. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे ज्याची जोडी लागत नाही तो, विषम. दोघांच्या तंट्यात निवाडा करायला बोलावलेला तिसरा माणूस. इंग्रजीत तो आधी 'नूम्पेर' म्हणून आला. लोक 'अ नूम्पेर' म्हणत, ऐकणाऱ्याला ते 'ॲन ऊम्पेर' असं ऐकू येई, आणि सुरुवातीचा न कायमचा गळून पडला. 'एप्रन'चंही तेच झालं, तो मुळात 'नॅप्रन' होता. 'निकनेम'ला मात्र उलटा लाभ झाला: 'ॲन एकनेम' म्हणजे जास्तीचं नाव, त्यातला न पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला.

अंपायरचं स्पेलिंग मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही. पाचवीत एबीसीडी सुरू झालेल्या आमच्या पिढीनं इंग्रजी शब्द घोकून पाठ केले, 'के एन आय एफ ई नाईफ, नाईफ म्हणजे सुरी' असे, दहा-दहा वेळा वहीत लिहून. त्यातले निम्मे परीक्षेनंतर उडून गेले. जे टिकले त्यांच्या मागं काहीतरी गोष्ट होती. ती गोष्ट कशी शोधायची, आणि खोटी निघाली तर कशी ओळखायची, ते इथं पायरीपायरीनं सांगतो. लागणारं सामान: मोबाइल, एक वही आणि रोजची दहा मिनिटं. त्याशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती तुमच्याकडं आधीपासून आहे. ती म्हणजे तुमचं मराठी.

पायरी पहिली: कोणता शब्द घ्यायचा

दिसेल त्या शब्दाच्या मागं लागू नका. 'गेट', 'पुट', 'सेट' यांचं मूळ शोधून नवशिक्याच्या हाती फारसं काही लागत नाही. तीन प्रकारचे शब्द घ्या. ज्यांचं स्पेलिंग विचित्र आहे ते. ज्यांचा अर्थ तुकड्यांवरून लागेल असं वाटतं पण लागत नाही ते. आणि जे ऐकल्यावर 'अरे, हा तर आपल्यातलाच दिसतो' असं वाटतं ते. दिवसाला एक पुरे. एका बसणीत दहा शब्द उघडणारे तिसऱ्या दिवशी थांबतात, हे मी माझ्यासकट अनेकांचं पाहिलं आहे.

पायरी दुसरी: कोशातली ती बारीक ओळ वाचा

बहुतेकजण अर्थ पाहून कोश मिटतात. व्युत्पत्तीची ओळ सहसा तळाशी असते. मेरियम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर 'वर्ड हिस्टरी' या मथळ्याखाली ती मिळते, शब्द लिखाणात पहिल्यांदा कधी दिसला तो काळही तिथंच असतो. 'एटिमऑनलाइन' नावाचा कोश तर फक्त याच कामासाठी आहे. दोन्ही फुकट आहेत.

ही ओळ उलटी वाचायची असते. पहिला शब्द सगळ्यांत अलीकडचा, पुढं जाल तसतसं मागचं. 'ओ ई' म्हणजे ओल्ड इंग्लिश, साधारण हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी. 'एम ई' म्हणजे तिच्यानंतरची मिडल इंग्लिश. नुसता 'एल' म्हणजे लॅटिन. एखाद्या शब्दाच्या डोक्यावर चांदणी दिसली तर तो शब्द कुठंही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नियमांवरून तो मागाहून बांधला आहे, असं समजायचं.

सगळ्यांत महत्त्वाचा फरक 'फ्रॉम' आणि 'अकिन टू' यांत आहे. 'फ्रॉम' म्हटलं की आई-बाप. 'अकिन टू' किंवा 'कॉग्नेट' म्हटलं की भाऊबंद. मराठी लोकांची निम्मी गफलत या दोन शब्दांपाशी होते. त्यावर पुढं येतोच.

उदाहरणाला 'मसल' घेऊ. स्पेलिंगमध्ये मध्येच एक सी आहे, उच्चारात तो नाही. कोश सांगतो: फ्रेंचमधून, त्याआधी लॅटिन 'मुस्कुलुस', अर्थ छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपण त्यालाच बेडकुळी म्हणतो. रोमन माणसाला उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. ही गंमत कुठल्याच इंग्रजी कोशात नाही, ती फक्त मराठी माणसाला सापडते. शिवाय लॅटिन 'मुस', इंग्रजी 'माउस' आणि गणपतीचा मूषक हे तिघं एकाच कुळातले आहेत.

आणि तो मुका सी? 'मस्क्युलर' म्हणून बघा. तिथं तो क होऊन बोलतो.

पायरी तिसरी: मुक्या अक्षराला बोलतं करा

मुकं अक्षर दिसलं की त्याच घरातला दुसरा शब्द शोधा. 'साइन'मधला जी 'सिग्नेचर'मध्ये बोलतो. 'बॉम्ब'च्या शेवटचा बी 'बॉम्बार्ड'मध्ये. 'डेट', म्हणजे कर्ज, याच्यातला बी 'डेबिट'मध्ये. बँकेचं पासबुक पाहणाऱ्याला हे स्पेलिंग पुन्हा चुकायचं कारण नाही.

पण सगळी मुकी अक्षरं एका जातीची नसतात. 'नाईफ', 'नी', 'नो' यांतला के एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. जीभ आळसावली, लेखणी तशीच राहिली. जाणणे या अर्थाच्या 'नो'मधला के तर आपल्या 'ज्ञा' धातूतल्या ज चा सगोत्र आहे. आपणही 'ज्ञ' लिहितो आणि 'द्न्य' म्हणतो, तेव्हा इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही.

'डेट' आणि 'डाउट' यांची गोष्ट वेगळी. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत बी नव्हताच. मागाहून लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटलं की मूळ 'डेबिटुम' आणि 'दुबितारे' यांची आठवण राहिली पाहिजे, म्हणून त्यांनी बी घुसवला. उच्चारात तो कधी आलाच नाही. त्याहून मजा 'आयलंड'ची. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस असण्याचं काहीच कारण नव्हतं. फ्रेंचमधून आलेल्या 'आइल' या शब्दाशी त्याचं नातं असावं अशी समजूत झाली आणि एस चिकटला. म्हणजे विद्वानांची चूक आजवर जगभरची पोरं पाठ करत आहेत.

आपल्याकडं हे घडलेलं आजी-आजोबांच्या पुस्तकांत पाहा. 'पांच', 'नांव', 'कांहीं'. उच्चारात नसलेलं टिंब, केवळ 'पञ्च' आणि 'नाम' यांची खूण म्हणून. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ती टिंबं काढून टाकली. इंग्रजीत असा नियम करणारं महामंडळच नाही, त्यामुळं तिची टिंबं राहिली.

पायरी चौथी: शब्दाची फोड करा

ज्यांनी शाळेत थोडं संस्कृत केलं आहे त्यांना हा श्लोक आठवेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं दुसरीकडं ओढून नेतो. 'हृ' एकच, पण आहार वेगळा आणि संहार वेगळा. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांना हीच किल्ली लागते. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. आत आणलं की इंपोर्ट, बाहेर नेलं की एक्सपोर्ट, पलीकडं नेलं की ट्रान्सपोर्ट, स्टेशनवर नेणारा पोर्टर. 'रिपोर्ट' म्हणजे परत आणलेली बातमी. 'सपोर्ट' म्हणजे खालून उचलून धरणं.

'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. आत डोकावणं इन्स्पेक्ट, खालून तिरकं पाहणं सस्पेक्ट, पुन्हा वळून पाहणं रिस्पेक्ट. मान द्यायचा तर माणसाकडं पुन्हा वळून पाहावं लागतं, हे मला आवडतं. आपल्या 'पश्यति'चं आणि हेर या अर्थाच्या 'स्पश' या संस्कृत शब्दाचं हे सख्खं चुलतघराणं. इंग्रजी 'स्पाय' त्यातलाच. आणि डोळ्यांवरचे 'स्पेक्टॅकल्स'? आपला चष्मा फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. तिकडं पाहण्यावरून नाव पडलं, इकडं डोळ्यावरून.

इथं एक खड्डा आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. 'इन' म्हणजे नेहमी 'नाही' असं शिकवलं जातं. पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तुकडे पाडून अर्थ लावणारा नवशिका म्हणेल, न पेटणारं. खरं म्हणजे इथला 'इन' म्हणजे 'आत', आग लावण्याच्या क्रियेतला. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच: लगेच पेट घेणारं. म्हणून फोड केली तरी दुसऱ्या पायरीवरची ओळ वाचायचीच.

पायरी पाचवी: मराठीतलं नातं शोधा

इथं रेंगाळा. इंग्रजी शिकणाऱ्या जपानी माणसाला ही चैन नाही, तुम्हाला आहे. फक्त नातं कोणत्या प्रकारचं, ते नीट ओळखायला हवं. मी तीन कप्पे करतो.

पहिला कप्पा भावकीचा. संस्कृत, लॅटिन, ग्रीक आणि जुनी इंग्रजी या एका फार जुन्या भाषेच्या लेकी. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स या न्यायाधीशानं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगानं येण्यासारखं नाही असं मांडलं. पुढं १८२२ साली याकोब ग्रिमनं, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम भावांपैकी थोरल्यानं, उच्चार कसे बदलले त्याचे नियम व्यवस्थित लिहून काढले. त्यातले तीन आजच पाठ करा. आपला प तिकडं फ: पितृ–फादर, पद–फूट, पंच–फाइव्ह. आपला द तिकडं ट: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. आपला त तिकडं थ: त्रि–थ्री, तनु–थिन, तृण–थॉर्न.

आता खरी मेख. इंग्रजीनं नंतर लॅटिनमधूनही शब्द उचलले, आणि लॅटिनमध्ये हे प, द, त बदललेले नव्हते. त्यामुळं इंग्रजीच्या घरात एकाच शब्दाच्या दोन-दोन प्रती आहेत. फूट आणि पेडल. टूथ आणि डेंटल. फादर आणि पॅटर्नल. टू आणि ड्युअल. थ्री आणि ट्रिपल. घरगुती प्रत परकी वाटते, पुस्तकी प्रत ओळखीची वाटते. म्हणूनच मराठी माणसाला 'डेंटिस्ट' पटकन कळतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात तेही याचमुळं. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून हे सातवा ते दहावा महिने.

दुसऱ्या कप्प्यात आपल्याकडून तिकडं गेलेले. मुंगूस हा त्यातला माझा लाडका. इंग्रजीतला 'मंगूस' सतराव्या शतकात आपल्या मुंगसावरून गेला. याचा थेट उपयोग असा की 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' म्हणायचं नाही. मुंगसाचा आणि बदकाच्या जातभाईचा काही संबंध नाही. अनेकवचन सरळ 'मंगूसेस'. 'ऑरेंज' हे फळ संस्कृत 'नारंग'पासून फारसी, अरबी, मग युरोप अशी वाट चालत गेलं आणि वाटेत सुरुवातीचा न हरवून बसलं. स्पॅनिशमध्ये तो न अजून शाबूत आहे. 'जिंजर'ची सुरुवात 'शृंगवेर'पाशी. 'लूट', 'ठग', 'खाट', 'बंगला' हे तर तुम्हाला कोशाशिवायही दिसतील.

तिसरा कप्पा सगळ्यांत मजेचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. दोघांनी एकाच तिसऱ्या दुकानातून आणलेला माल. आपला बटाटा पोर्तुगीज 'बाताता'वरून, इंग्रजी 'पोटॅटो' स्पॅनिशमधून, आणि दोघांचंही मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेत. आपली चावी पोर्तुगीज 'शाव्ह'वरून, ती लॅटिन 'क्लाविस'वरून. त्याच 'क्लाविस'ची धाकटी 'क्लाविकुला', म्हणजे छोटी चावी, आणि तिच्यावरून गळ्याजवळच्या हाडाचं इंग्रजी नाव 'क्लॅव्हिकल'. हाडाचा डॉक्टर एक्सरे दाखवून क्लॅव्हिकल म्हणाला तर घरच्या चावीची बहीण समजा.

पगाराची कथा त्याहून गोड. हा शब्द पोर्तुगीज 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं यावरून कोकण-गोव्याच्या वाटेनं आपल्यात आला. इंग्रजी 'पे' फ्रेंचमधून आला. दोघांची आजी एकच, लॅटिन 'पाकारे': शांत करणं, समाधान करणं. तिची आई 'पाक्स', म्हणजे शांतता, जिच्यापासून इंग्रजी 'पीस' निघाला. देणेकऱ्यानं पैसे दिले की दारात ओरडणारा सावकार शांत होतो, इतकं साधं कारण.

ग्रीकांच्या दुकानातूनही दोघांनी माल नेला. पंचांगातला 'होरा' संस्कृतनं ग्रीक 'होरा'वरून घेतला, इंग्रजी 'अवर' त्याच शब्दावरून लॅटिन-फ्रेंच मार्गानं आला. सुरुवातीचा मुका एच ही त्या प्रवासाची खूण. निवडणुकीत पत्रकारांचा होरा चुकतो तेव्हा ते नकळत घड्याळाच्या तासाला नावं ठेवत असतात. 'केंद्र' आणि 'सेंटर' दोघंही ग्रीक 'केंत्रोन'चे. त्याचा अर्थ टोचणारं टोक. बैलाला टोचायची पराणी, आणि पुढं कंपासचं टोक, जे कागदात रुतवून वर्तुळ काढतात.

नातं कोणत्या कप्प्यातलं हे ठरवायला मराठी बाजूही तपासावी लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ती कोश १९४६चा, तो ग्रंथालयात पाहा. मी दोन्ही पाहतो आणि दोघांचं पटलं नाही तर वहीत पेन्सिलीनं लिहितो.

पायरी सहावी: गोष्ट फार छान असेल तर संशय घ्या

व्हॉट्सॲपवर एक यादी फिरत असते. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला, वगैरे. कोश उघडा. 'नॅव्हिगेशन' लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं यांपासून बनला. त्यातल्या 'नाविस'चं संस्कृत 'नौ'शी सगोत्र नातं आहे, आणि ते खरं नातं बनावट 'नवगती'पेक्षा कितीतरी जुनं आणि भारदस्त आहे. पण ते 'अकिन टू' आहे, 'फ्रॉम' नाही. आपली भाषा सगळ्यांची आई असावी असं वाटणं समजू शकतो. ती मावशी असली तरी काय बिघडलं?

नुसत्या सारखेपणावर तर मुळीच जाऊ नका. 'बदनाम', 'बदसूरत' यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड': उच्चार जवळचा, अर्थ एकच, आणि नातं शून्य. निव्वळ योगायोग.

दुसरी खोटी जात आद्याक्षरांची. 'पॉश' हा शब्द म्हणे विलायतेहून मुंबईला येणाऱ्या बोटींवरून पडला. श्रीमंत लोक उन्हाचा त्रास नको म्हणून इकडं येताना डाव्या बाजूची आणि विलायतेला परतताना उजव्या बाजूची खोली घेत, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं मारत. गोष्ट इतकी चित्रमय की मीही ती बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. तशी अक्षरं मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हेही तसंच. तो 'न्यू'चा साधा विस्तार आहे. ढोबळ नियम असा: विसाव्या शतकाआधीचा शब्द कुणी आद्याक्षरांतून बनलेला सांगितला की मान हलवायची नाही.

तिसरी जात अर्धसत्यांची, ती पकडायला सगळ्यांत अवघड. 'सॅलरी'चं लॅटिन मूळ 'सालारियुम', त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, इथपर्यंत खरं. पुढं 'रोमन शिपायांना पगार मिठाच्या पुड्यांत मिळे' हे जे रंगवून सांगतात त्याला जुना पुरावा नाही. वहीत पहिला भाग शाईनं लिहा, दुसरा लिहूच नका.

माणसाच्या नावावरून शब्द पडल्याच्या गोष्टीही बऱ्याचदा बनावट असतात, पण 'बॉयकॉट'ची खरी आहे. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. खंडाच्या वादात कुळांनी आणि गावानं त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. पीक कापायला माणूस मिळेना, दुकानदार माल देईना. थोडक्यात त्याला वाळीत टाकलं. त्याच वर्षी त्याचं आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापून येऊ लागलं. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात हा कारभारी अजून आहे.

पायरी सातवी: मूळ अर्थ वापरू नका

मूळ कळलं म्हणून आजचा अर्थ बदलत नाही. 'नाइस'चं लॅटिन मूळ 'अडाणी' असं आहे. 'सिली' म्हणजे एकेकाळी 'धन्य, भाग्यवान'. तुमच्या साहेबांना 'सिली' म्हणून बघा, मग कळेल. संस्कृतात राग म्हणजे प्रेम, रंग. मराठीत तोच राग डोक्यात जातो. अनुरागात तेवढा जुना अर्थ उरला आहे.

मूळ एका बाबतीत मात्र रोजच्या वापरात कामाला येतं: कुठला शब्द कुठं शोभतो हे ठरवायला. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि इंग्रजीत थर पडले. 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंच, 'इंटरॉगेट' लॅटिन. आपल्याकडं जसे काळीज, दिल आणि हृदय. काळीज तुटतं, दिल जडतं, हृदयाची शस्त्रक्रिया होते. अदलाबदल केली तर लोक हसतील. इंग्रजीतही तसंच. मैत्रिणीला 'आस्क' करा, 'इंटरॉगेट' पोलीस करतात. नवशिके अर्जात घरगुती शब्द घालतात आणि गप्पांत कोर्टातले, कारण कोशात तिघांपुढं एकच मराठी अर्थ लिहिलेला असतो.

पायरी आठवी: वहीत काय लिहायचं

एका शब्दाला पाच ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. शब्द, तो कुठं भेटला, मुळाची एक ओळ, मराठीतली जोडी, आणि स्वतःचं एक इंग्रजी वाक्य. कुठं भेटला हे लिहायला लोक विसरतात. पण शब्द आठवतो तो बसच्या पाटीमुळं किंवा औषधाच्या चिठ्ठीमुळंच.

माझ्या वहीतलं 'क्लू'चं पान असं आहे. भेटला: शब्दकोड्यात. मूळ: 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा, ग्रीक कथेत थीसियस भुलभुलैयात शिरताना असाच गुंडा उलगडत जातो आणि त्याच धाग्याच्या मागानं बाहेर येतो, त्यावरून माग काढायचं साधन. मराठी जोडी: 'पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले.' त्याखाली माझं वाक्य आहे, ते इतकं बाळबोध आहे की सांगत नाही.

'विंडो'चं पान त्याहून छोटं. मूळ: जुन्या नॉर्स भाषेतला 'विंडाउगा', वाऱ्याचा डोळा. जोडी: गवाक्ष, गाईचा डोळा. बस्स.

'क्वारंटाइन'चं पान २०२०च्या उन्हाळ्यात लिहिलं. भेटला: सोसायटीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर. मूळ: व्हेनिसच्या बोलीतले 'चाळीस दिवस', प्लेगच्या भीतीनं बाहेरून आलेली जहाजं इतके दिवस बंदराबाहेर थांबवत. त्याआधी १३७७ साली आजच्या दुब्रोव्निक शहरानं तीस दिवसांचा नियम केला होता. जोडीच्या जागी मी 'सूतक?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं आहे. दिवस मोजून लांब राहणं दोन्हींत आहे, पण कारण वेगळं, म्हणून ते प्रश्नचिन्ह अजून खोडलेलं नाही.

तुमच्या पहिल्या आठवड्यासाठी चार शब्द देतो, उत्तरं देत नाही: कर्फ्यू, डेझी, कँडिडेट, डिझॅस्टर. पहिल्यात चूल आहे, दुसऱ्यात डोळा, तिसऱ्यात कपडे आणि चौथ्यात आकाश. तिसरा सापडला की आपल्याकडच्या प्रचारफेरीतले पुढारी डोळ्यांसमोर आणा, मराठी जोडी आपोआप लिहिली जाईल.